शाळेची गाडी येत नाही तेव्हा: बौद्धिक अक्षम तरुण मुलाला घर, बाजार आणि काम शिकवताना

जूनचा दुसरा आठवडा. सव्वाआठ वाजले की तो दप्तर पाठीला लावून फाटकाशी उभा राहायचा. गाडी येणार नव्हती. अठरा पूर्ण झाली होती, शाळेच्या पटावरून नाव कमी झालं होतं, पण त्याला कळेल अशा रीतीनं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आई आतून हाका मारायची, तो हलायचा नाही. साडेनऊच्या सुमारास स्वतःच आत यायचा आणि टीव्हीसमोर बसायचा. दिवाळी येईपर्यंत त्याचं वजन सहा किलोंनी वाढलं. शाळेत दहा वर्षं स्वतःचा डबा स्वतः खाणाऱ्या मुलाला घरी आई घास भरवू लागली होती.

विशेष शिक्षिका म्हणून हे मी इतक्या घरांत पाहिलंय, की आता सोळावं लागलं की पालकांना बोलावून घेते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मोफत शिक्षणाचा हक्क देतो तो ६ ते १८ या वयासाठी. पुढचं शिक्षण घरात, गल्लीत आणि कार्यशाळेत व्हायचं असतं आणि त्याचं वेळापत्रक कोणी आखून देत नाही. ते कसं आखायचं, हे इथे लिहिते. मनात आहेत सोळा ते पंचवीस वयाची, सौम्य किंवा मध्यम अक्षमता असलेली मुलंमुली. अक्षमता तीव्र असेल तर पद्धत हीच, तुकडे आणखी बारीक.

आधी पंधरा दिवस नुसती वही

शंभरपानी वही घ्या. डाव्या बाजूला उठल्यापासून झोपेपर्यंतची कामं लिहा: संडास, दात घासणं, अंघोळ, कपडे, नाश्ता, ताट उचलून ठेवणं, अंथरूण. समोर रोज एक अक्षर. 'स्व' म्हणजे स्वतः केलं. 'बो' म्हणजे बोलून सांगावं लागलं. 'खू' म्हणजे खूण केली. 'हा' म्हणजे हाताला हात लावावा लागला. 'दु' म्हणजे दुसऱ्यानंच करून दिलं. या पंधरा दिवसांत शिकवायचं नाही, सुधारायचं नाही, रागवायचं तर अजिबात नाही.

शक्य असेल तर घरातल्या दोघांनी वेगवेगळी वही भरावी. एका घरी आईच्या वहीत अंघोळीसमोर ओळीनं 'दु' होतं आणि आजीच्या वहीत 'स्व'. मुलगा तोच, न्हाणीघर तेच. आजीचे गुडघे दुखायचे, ती उठायचीच नाही, म्हणून तो आपली आपण अंघोळ करायचा. मला त्या मुलाबद्दल जे हवं होतं ते सगळं त्या दोन पानांत होतं.

बुद्ध्यंकाचं काय, असं पालक विचारतातच. चाचणी करून घ्याच, कागदपत्रांना ती लागते. अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी बुद्ध्यंकाबरोबर सामाजिक परिपक्वतेची, म्हणजे रोजचे व्यवहार स्वतः किती जमतात याची, व्हाईनलँड चाचणीही घेतात. तिचं भारतीय रूप नागपूरच्या डॉ. ए. जे. मलिन यांनी तयार केलं, त्याला आता अर्धशतक उलटून गेलं. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत या चाचणीच्या ५५ ते ६९ गुणांना ५० टक्के, ३६ ते ५४ गुणांना ७५ टक्के, २१ ते ३५ गुणांना ९० टक्के अक्षमता धरली होती. पण '७५ टक्के' या आकड्यावरून त्याला चहा करता येईल की नाही हे कळत नाही. ते वहीतून कळतं.

काय शिकवायचं, आणि काय सोडून द्यायचं

वही भरली की 'बो', 'खू', 'हा' आणि 'दु'ची कामं बाजूला काढा. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. हे काम रोज किंवा दर आठवड्याला लागतं का? त्यानं केलं नाही तर दुसऱ्या कोणाला करावंच लागतं का? तो पस्तीस वर्षांचा होईल तेव्हाही लागेल का? तिन्ही उत्तरं 'हो' आली तर ते काम यादीत.

या चाळणीतून फार काही गळून पडतं. अठराव्या वर्षीही मण्यांची माळ ओवणं, चित्रात रंग भरणं, 'ए फॉर ॲपल' चालू असतं. हौसेनं करत असेल तर करू दे, पण त्याला शिक्षण म्हणू नका. अक्षरांपैकी 'पुरुष', 'स्त्रिया', 'धोका', 'बंद', स्वतःचं नाव आणि आपल्या बसचा नंबर एवढं ओळखता आलं, तरी पुष्कळ दारं उघडतात. काही पालकांना हे ऐकून वाईट वाटतं. मला माहीत आहे. तरी सांगते.

तीन महिन्यांना तीनच गोष्टी घ्या: एक शरीराची, एक घरकामाची, एक घराबाहेरची. आणि लिहिताना असं लिहा की शेजाऱ्यालाही ती झाली की नाही हे ठरवता यावं. 'पैशांची ओळख होईल' हे उद्दिष्ट नव्हे. 'संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून एकटा दुधाची पिशवी आणेल, आठवड्यातून पाच वेळांपैकी चार वेळा न चुकता' हे उद्दिष्ट.

कामाचे तुकडे

दुधाचंच उदाहरण घेऊ. आपल्याला ते एक काम वाटतं. तुम्ही स्वतः हातात कागद घेऊन एकदा जा आणि प्रत्येक हालचाल लिहा:

१. खुंटीवरची कापडी पिशवी घेणं
२. डब्यातून पैसे घेऊन खिशात ठेवणं
३. चपला घालणं, 'दूध आणतो' म्हणून सांगणं
४. फाटकाबाहेर डावीकडे वळणं, कडेनं चालणं
५. दुकानात आधीचं गिऱ्हाईक होईपर्यंत थांबणं
६. 'अर्धा लिटर गाईचं' म्हणणं (बोलता येत नसेल तर रिकामी पिशवी दाखवणं)
७. पैसे देणं
८. सुटे पैसे येईपर्यंत हात पुढे ठेवणं, खिशात टाकणं
९. दूध कापडी पिशवीत ठेवून घरी येणं

सातव्या पायरीवर बहुतेक गाडी अडते. हिशेब येईपर्यंत वाट बघू नका. समजा पिशवी २९ रुपयांची आहे. पुठ्ठ्यावर दहाच्या नोटेच्या मापाचे तीन चौकोन आखा. तिन्ही चौकोन झाकले की पैसे झाले. मोजता येणाऱ्या मुलाला पुढचा नियम शिकवा: दुकानदारानं सांगितलेल्या आकड्यात जितके दहा, तितक्या नोटा आणि वर एक. २९ला दोन आणि एक, ४३ला चार आणि एक. बेरीज-वजाबाकी कधीच न जमलेल्या मुलांना मी या एका नियमावर किराणा आणताना पाहिलंय. दुकानदाराला मात्र आधी भेटून ठेवा, आणि 'बिचारा आहे, सांभाळून घ्या' असं म्हणू नका. 'तो बोलेपर्यंत थांबा, माझ्याकडे बघून विचारू नका,' एवढंच सांगा.

आमची एक चूकही सांगते. नऊ पायऱ्या पक्क्या झाल्या, दोन आठवडे दूध बिनचूक आलं. एका संध्याकाळी मुलगा परतेना. वडील शोधत गेले तर दुकानाचं शटर खाली आणि हा समोर उभा, पिशवी हातात, पाऊण तास. 'दुकान बंद असेल तर परत ये' ही पायरी आम्ही शिकवलीच नव्हती. तेव्हापासून काम जमलं की मी ते मुद्दाम बिघडवते. दूध संपलेलं, दुकानदाराच्या जागी त्याचा मुलगा, रस्ता खणलेला, सुटे पैसे कमी. प्रत्येक बिघाड दोन-तीनदा, आपण जवळ असताना.

घरातली कामं शिकवताना शेवटाकडून सुरुवात करा. शर्ट घालायचा असेल तर सगळं तुम्ही करा, फक्त शेवटचं बटण त्याच्यासाठी ठेवा. ते जमलं की शेवटची दोन. काम पुरं केल्याचा मान रोज त्याच्याच वाट्याला येतो, म्हणून तो दुसऱ्या दिवशी पळून जात नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत बटणं मोठी घ्या, काजं थोडी सैल करून घ्या.

मदत काढून घेण्याचं तंत्र मात्र आपल्याला वाटतं त्याच्या उलटं आहे. हात धरून करवलेलं काम सोडवणं त्या मानानं सोपं. मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर, मग नुसतं मागे उभं राहायचं. सगळ्यांत चिवट मदत असते ती आपलं बोलणं. 'आता साबण लाव, आता तांब्या घे, आता पाठ' हे दारातून वर्षानुवर्षं चालतं आणि मुलगा हाताला नाही तर आवाजाला शिकतो. आई गावाला गेली की अंघोळ बंद. म्हणून शक्य तिथे बोलण्याऐवजी चित्रांचा तक्ता लावा, पुढची वस्तू बोटानं दाखवा, आणि काहीही करण्याआधी मनात दहापर्यंत मोजा. ती दहा सेकंदं फार लांब वाटतात. पहिल्या आठवड्यात पालकच हरतात.

बस

एकट्यानं प्रवास हा ज्याला झेपेल त्याच्यासाठीच. पण झेपणार नाही हे करून बघण्याआधी ठरवू नका. एकच रस्ता, एकच नंबर, एकच वेळ. पहिले काही आठवडे शेजारी बसा. मग दोन बाकं मागे. मग तो पुढच्या दारानं आणि तुम्ही मागच्या. मग त्याला बसवून द्यायचं आणि उतरायच्या थांब्यावर घरचं दुसरं कोणी उभं. शेवटी फक्त फोन. प्रत्येक टप्पा सलग पाच वेळा नीट झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

ओळखपत्र खिशात असावं, त्यावर नाव आणि दोन फोन नंबर. 'मतिमंद' असं लिहिलेली पाटी गळ्यात अडकवू नका. तिचा उपयोग चांगल्या माणसापेक्षा वाईट माणसाला जास्त होतो. साध्या फोनवर एका बटणाला घरचा नंबर लावून द्या. 'चुकलो तर कोणाकडे जायचं' याचं उत्तरही ठरवून ठेवा: कंडक्टर किंवा वर्दीतला पोलीस, आणि तेही चित्रात दाखवून नाही, तर प्रत्यक्ष बसमध्ये आणि चौकात.

वयात येणं

पालक इथे गप्प होतात, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. शरीर वयात येतं, त्याला बुद्ध्यंक कळत नाही. मुलाला हस्तमैथुनावरून मारू नका. 'हे दार लावून, आपल्या खोलीत' एवढा एकच नियम न थकता शिकवा. मुलीला पाळी येण्याआधीच पॅड लावायला शिकवा. कोरडं पॅड, नंतर त्यावर लाल रंग, वापरलेलं कागदात गुंडाळून डब्यात. पाळी नको म्हणून गर्भाशय काढायचा सल्ला कोणी सहज दिला तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. बहुतेक मुली हे शिकतात. लैंगिक अत्याचारापासून गर्भाशय काढल्यानं संरक्षण होत नाही, उलट गुन्हा लपतो.

आणि घरात सगळ्यांनीच दार वाजवून आत जायची सवय लावा. वीस वर्षांच्या माणसाचे कपडे दिवाणखान्यात बदलले जात असतील, तर 'कोणाला हात लावू द्यायचा नाही' हे त्याला कोणत्या तोंडानं शिकवणार?

ओरडणं, चावणं, फेकणं

आधी शरीर तपासा. दातदुखी, कानातला मळ, बद्धकोष्ठ, अपुरी झोप. सांगता येत नाही तेव्हा हे सगळं रागाच्या रूपात बाहेर येतं. डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉईडची तपासणी दरवर्षी करा, ऐकू नीट येतं का तेही बघा. फिटच्या गोळ्या आपल्या मनानं कमी करू नका.

मग पुन्हा वही. या वेळी तीन रकाने: आधी काय घडलं, त्यानं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. आमच्या कार्यशाळेतली एक मुलगी स्वतःचा हात चावायची. 'अचानक करते,' असं सगळे म्हणत. तीन आठवड्यांच्या नोंदीत ते फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी दिसलं. त्या दिवशी शेजारच्या खोलीत तिखट भरायचं काम चालायचं. आम्ही तिची जागा पलीकडच्या खिडकीशी नेली आणि 'बाहेर जायचंय' असं एक कार्ड तिच्या हाताशी ठेवलं. औषध काही लागलं नाही.

कधी मात्र तिसरा रकाना बोलका असतो. ताट फेकलं की टीव्ही लागतो, असं घरात ठरूनच गेलेलं असतं. तिथे बदल आपल्यात करायचा.

काम

महाराष्ट्रात विशेष शाळांना जोडून बऱ्याच ठिकाणी कार्यशाळा आहेत, सरकारी कागदांत 'कर्मशाळा'. मुंबईत शिवडीची जय वकील ही १९४४पासूनची संस्था, पुण्यात कामायनी, नाशकात प्रबोधिनी, कोल्हापुरात चेतना. जवळची कोणतीही असो, प्रवेशाआधी एक अख्खा दिवस तिथे बसा. दिवाळीच्या पणत्या मांडलेलं प्रदर्शन बघून भुलू नका. पणती रंगवली कोणी ते बघा. मुलांचे हात किती वेळ कामात आहेत? ताई त्यांच्याशी मोठ्या माणसांसारखं बोलतात की 'बाळा, बाळा' करतात? कामाचे पैसे मिळतात का, थोडे का होईना, आणि कोणाच्या हातात? आठवड्याच्या शेवटी स्वतःच्या हातात पाकीट घेतलेल्या मुलाची चाल बदलते, हे मी अनेकदा पाहिलंय.

काम मुलाला जमत नाही तेव्हा काम बदलायच्या आधी मांडणी बदला. एका मुलाला चारच्या पुढे मोजता येत नव्हतं आणि मेणबत्त्या तर दहाच्या पाकिटात भरायच्या होत्या. अंड्यांचा ट्रे कापून दहा खळगे ठेवले. प्रत्येक खळग्यात एक मेणबत्ती उभी, सगळे खळगे भरले की पाकिटात. तासाला चाळीस पाकिटं होऊ लागली. त्याला 'दहा' अजूनही येत नाही.

सौम्य अक्षमता असेल तर बाहेरच्या नोकरीचा विचार जरूर करा: उपाहारगृहातलं स्वयंपाकघर, रोपवाटिका, दुकानात फळ्या लावणं, कार्यालयात कागद लावणं. शिक्षकानं किंवा पालकानं आधी स्वतः ते काम दोन दिवस करून बघावं, मग मुलाशेजारी उभं राहून शिकवावं, मग हळूहळू मागे सरावं. २०१६च्या कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा दिव्यांगांसाठी ठेवल्या, त्यातला १ टक्का ज्या गटासाठी आहे त्यात बौद्धिक अक्षमताही येते. पदासाठीची शैक्षणिक अट मात्र बघावी लागते, म्हणून ज्याला शक्य आहे त्यानं मुक्त विद्यालयातून परीक्षा देऊन ठेवाव्यात.

कागद, या क्रमानं

पहिला 'स्वावलंबन' संकेतस्थळावरून अर्ज करून मिळणारा यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचा ओळख क्रमांक, आणि प्रमाणपत्र. लहानपणी काढलेलं असेल तर अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करून घ्या. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अक्षमता लागते. रेल्वेत सोबत लागणाऱ्या मुलाला आणि सोबत्याला, दोघांनाही भाड्यात सवलत आहे.

दुसरं कायदेशीर पालकत्व, आणि इथे बहुतेकजण गाफील असतात. अठरा पूर्ण झाली की आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. पालक नेमल्यावर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि नंतर दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. बँकेत हेच प्रमाणपत्र लागतं. पण जे निर्णय तो स्वतः घेऊ शकतो ते पालकत्वाच्या नावाखाली काढून घेऊ नका. कोणता शर्ट घालायचा, याला समिती लागत नाही.

तिसरं, त्याच न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना: वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत, त्यात बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीही. नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवा. घरची परिस्थिती बेताची असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज. प्राप्तिकरात जुनी पद्धत निवडली असेल तर ८०डीडी कलमाखाली ७५,००० रुपयांची, आणि अक्षमता ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट. आईवडिलांपैकी कोणी सरकारी नोकरीत असेल तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी मुलाचं नाव आणि प्रमाणपत्र हयातीतच नोंदवा. नंतर भावंडांना फार चकरा पडतात.

मृत्युपत्र वकिलाकडून करा. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २८ प्रमाणे अक्षमतेमुळे कोणाचाही वारसाहक्क जात नाही, पण हक्क असणं आणि त्याचा पैसा सुरक्षित राहणं यात अंतर आहे. जमत असेल तर त्याच्यासाठी खासगी न्यास (ट्रस्ट) करून त्यावर घरातला एक आणि घराबाहेरचा एक असे विश्वस्त ठेवा.

आमच्यानंतर

बदलापूरची 'आधार', डोंबिवलीजवळ खोणीचं 'घरकुल' अशी निवासी घरं पालकांनीच याच काळजीतून उभी केली आहेत. आईच्या तेराव्यानंतर मुलाला नव्या जागी नेऊन सोडणं हा त्याच्यावर दुहेरी आघात असतो. सवय आधी लावा. विसाव्या वर्षी मावशीकडे दोन रात्री, मग शिबिरात पाच, मग जमलं तर निवासी घरात पंधरा दिवस. भावंडांशी गृहीत धरून नाही, विचारून बोला. बहीण 'नाही' म्हणाली, तर ते आत्ता कळलेलं बरं.

आणि एक फाइल करून ठेवा. औषधं, डॉक्टर, कागदांच्या प्रती हे झालंच, पण पहिली दोन पानं त्याची. काय आवडतं, कशाला घाबरतो, दुखलं तर कसं सांगतो, कोणता शब्द कशासाठी वापरतो. फाटकाशी उभं राहणाऱ्या त्या मुलाच्या आईनं ही पानं तीनदा लिहिली; पहिल्या दोन वेळा तिनं त्याला काय येत नाही हेच भरून ठेवलं होतं. तिसऱ्या वेळची सुरुवात अशी आहे: 'सकाळी सव्वाआठला तयार असतो, कार्यशाळेची पिशवी स्वतः भरतो. पावसात छत्री धरत नाही, रेनकोट द्यावा. 'पपू' म्हणजे पाणी. रात्री पंखा पाचवर लागतो, थंडीतसुद्धा. उशी लागत नाही.'